दाण्यात दडलेलं स्फुरद

उन्हाळी कांदा चाळीत चार महिने राहिला की सोलताना वरच्या पापुद्र्यांखाली काळी भुकटी दिसते. बोटं काळी होतात, आपण कांदा नळाखाली धरतो, भुकटी वाहून जाते आणि विषय संपतो. ती भुकटी म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस नायजर. कधी ती स्वतः, कधी तिची सख्खी भावंडं. लासलगावच्या कांदेवाल्याला ती डोळ्यांसमोर नको असते. आणि तरी आज जगभरातल्या कोंबड्यांची हाडं घट्ट होण्यात, युरोपातल्या नद्यांत कमी घाण उतरण्यात आणि मोरोक्कोतला खडक थोडा कमी फोडला जाण्यात याच जातीच्या बुरशीचा हात आहे. कसा? त्यासाठी आधी मक्याच्या दाण्यात डोकवायला हवं.

एक किलो मक्यात अडीच-तीन ग्रॅम फॉस्फरस असतो. नत्र, स्फुरद, पालाश म्हणताना शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतो, तोच हा. हाडांत तो, पेशीच्या आवरणात तो, डीएनएच्या कण्यात तो. स्नायू हलतो तेव्हा जो एटीपीचा रेणू खर्ची पडतो, त्यातही तोच. त्याच्यावाचून या पृथ्वीवर एकही जीव जगत नाही. मग जन्माला येणाऱ्या रोपासाठी आईरोप हा मोलाचा फॉस्फरस बियात कसा बांधून देतं?

सुटा तर ठेवता येत नाही. सुटा फॉस्फेट पेशीतल्या प्रत्येक व्यवहारात लुडबुड करतो. म्हणून वनस्पतींनी एक विलक्षण रेणू घडवला. सहा कार्बन अणूंचं एक इवलंसं कडं, त्याचं नाव इनॉसिटॉल. या कड्याच्या सहाही कोपऱ्यांवर एकेक फॉस्फेट. झालं फायटिक आम्ल. सहा फॉस्फेट म्हणजे भरपूर ऋणभार, त्यामुळे आसपासचे पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, जस्त, लोह त्याला येऊन चिकटतात आणि त्याचे घट्ट, न विरघळणारे सूक्ष्म गोळे बनतात. मक्यात हे गोळे बहुतेक अंकुराच्या भागात असतात, गव्हा-तांदळात कोंड्याच्या थरात. दाण्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस या एकाच रूपात बंद असतो!

सोलापूर-मराठवाड्याकडे पूर्वी ज्वारीची पेवं असत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, धान्य भरायचं, तोंड मातीने लिंपून टाकायचं आणि गरज पडेल तेव्हाच फोडायचं. फायटिक आम्ल हे बियाचं फॉस्फरसचं पेव आहे. आणि ते फोडणारं हत्यारही बीच तयार करतं, पण उगवायची वेळ आली की मग. त्या हत्याराचं नाव फायटेज. फायटेज हे एक एन्झाइम आहे, म्हणजे एक प्रथिन, ज्याचं आयुष्यातलं काम एकच: त्या कड्यावरून फॉस्फेट सोडवणं. मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, मोड आले, की आत हेच चाललेलं असतं. बी जागं झालंय, पेव फुटतंय, अडकलेला फॉस्फरस आणि त्याबरोबर जस्त-लोहही सुटं होतंय. मोड आलेलं कडधान्य अंगी लागतं असं घरोघरी सांगतात, त्यामागचं एक मोठं कारण हे.

आता हाच मक्याचा दाणा न उगवताच कोंबडीच्या पोटात जातो.

कोंबडीच्या खाद्याचा गाभा म्हणजे मका आणि सोयापेंड. या दोघांच्या मिश्रणात किलोमागे चारेक ग्रॅम फॉस्फरस असतो, पण त्यातला अडीच ग्रॅमच्या आसपास पेवात बंद. कोरड्या मक्यात आणि सोयाबीनमध्ये स्वतःचं फायटेज जवळजवळ नसतं. (गव्हात बऱ्यापैकी असतं, राय आणि बार्लीतही.) आणि कोंबडीच्या आतड्यात पुरेसं फायटेज तयार होत नाही. डुकराचंही तेच, माणसाचंही तेच. मग गाय, म्हैस, शेळी? त्यांना ही अडचणच नाही. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात, ते फायटेज बनवतात आणि मालकिणीसाठी दाण्यातला फॉस्फरस सोडवून ठेवतात. चारा रवंथ करणाऱ्या जनावराला जे सहज मिळतं, ते दाणे टिपणाऱ्या पाखराला मिळत नाही.

ब्रॉयलरचं पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या सांगाड्याला फॉस्फरस कमी पडला की पाय आधी बोलतात: हाडं मऊ पडतात, पिल्लू बसून राहतं. म्हणून खाद्यात बाहेरून फॉस्फरस घालतात. पोल्ट्रीवाल्यांच्या ओळखीची ती पांढरी पूड, डीसीपी. ती बऱ्याचदा खडकापासून बनते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला फॉस्फेटचा खडक खणायचा, आम्लात विरघळवायचा, चुन्याशी जोडायचा. जगातला या खडकाचा सर्वांत मोठा साठा मोरोक्कोच्या ताब्यात आहे आणि भारताला लागणारा बहुतेक खडक परदेशातून येतो. म्हणजे पाहा, फॉस्फरस खाद्यात आधीच आहे, तो उघडत नाही म्हणून आपण दूरच्या वाळवंटातून दुसरा आणतो, आणि पहिला तसाच्या तसा विष्ठेतून बाहेर पडतो.

बाहेर पडतो आणि जातो कुठे? खताबरोबर शेतात, पावसाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. तळ्यात गेल्यावर काय होतं, हे कॅनडात एका प्रयोगाने असं दाखवलं की वाद घालायला जागाच उरली नाही. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराला मध्येच एक अरुंद कंबर होती. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंबरेवर प्लॅस्टिकचा पडदा ताणून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं. दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि सोबत फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो जगभर गाजला: पडद्याच्या एका बाजूला काळंभोर स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला शेवाळाने हिरवंगार झालेलं. फरक फक्त फॉस्फरसचा. असं शेवाळ मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे गुदमरतात.

पेव फोडणारं हत्यार असतं हे मात्र फार आधी कळलं होतं. १९०७ साली टोकियोत उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तांदळाच्या कोंड्यात फायटेज सापडलं. (तीनच वर्षांनी याच सुझुकींनी याच कोंड्यातून बेरीबेरी रोखणारा पदार्थ वेगळा काढला, ज्याला आपण आज ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. तांदूळ सडताना आपण जो कोंडा बाजूला काढतो, त्यात किती काय दडलेलं!) पण कोंड्यातलं एन्झाइम पोत्याने काढायचं कसं? जो सूक्ष्मजीव फायटेज भरपूर बनवतो आणि बनवून स्वतःच्या शरीराबाहेर सोडतो, असा कुणी हवा होता. बाहेर सोडत असेल तर द्रव गाळून घेतला की काम झालं.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनरल्स अँड केमिकल कॉर्पोरेशन या कंपनीत हा शोध सुरू झाला. शिएह आणि वेअर या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासून १९६८ मध्ये निकाल छापला. फायटेज अनेकांकडे होतं, पण बाहेर सोडणारे निघाले फक्त ३०. आणि ते तीसच्या तीस तंतूमय बुरश्या! त्यातल्या २८ एकाच कुळातल्या, अ‍ॅस्परजिलस. सगळ्यांत जोरदार वाण मातीतून मिळाला होता. त्याला तेव्हा वेगळ्या नावाने ओळखत, पुढे तो नायजरच्याच घरातला ठरला.

आणि गंमत कुणी केली असेल तर या कंपनीने: ती स्वतः फॉस्फेटचा खडक खणून विकणारी. ज्यांच्या मालाची गरज कमी होणार होती, त्यांच्याच प्रयोगशाळेत हे घडलं. नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वाळवलेलं बुरशीचं फायटेज पिल्लांच्या खाद्यात थेट मिसळून पाहिलं. पिल्लांच्या हाडांतली राख, म्हणजे खनिजांचं प्रमाण, वाढली. जे दाण्यात होतं ते हाडात उतरलं. तरीही गोष्ट तिथेच वीस वर्षं थांबली, कारण बुरशी एन्झाइम देत होती थेंबभर आणि डीसीपी मिळत होतं स्वस्तात.

ती वीस वर्षं संपण्याआधी एक प्रश्न विचारू या, कारण या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं आश्चर्य मला तिथे दिसतं. मातीतल्या बुरशीचं एन्झाइम कोंबडीच्या पोटात चालतंच कसं? पोट म्हणजे आम्ल. बहुतेक प्रथिनं तिथे पोहोचली की त्यांची घडी मोडते. मातीत राहणाऱ्या एका बुरशीला त्या आगीची तयारी कोणी शिकवली?

उत्तर तुमच्या हातातल्या शीतपेयाच्या बाटलीत आहे. त्यातला सायट्रिक आम्लाचा आंबटपणा बहुधा लिंबातून आलेला नसतो. जेम्स करी या रसायनशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायजरला साखरेच्या द्रावणात वाढवलं तर ती सायट्रिक आम्लाचा ढीग घालते. तोवर हे आम्ल इटलीतल्या लिंबांतून येत असे. काही वर्षांतच बुरशीने लिंबांना बाजूला सारलं. ही बुरशी स्वभावानेच आंबट आहे. जिथे वाढते तिथलं पाणी ती आम्लाने भरून टाकते, पीएच २ च्या आसपास आणते आणि इतर सूक्ष्मजीवांना तिथे राहणं मुश्कील करते. मग तिने बाहेर सोडलेली एन्झाइम्स या आंबट पाण्यात टिकायलाच हवीत. नाही टिकली तर तीच उपाशी मरेल. पानगळीत, कुजलेल्या बियात अडकलेला फॉस्फरस मिळवायला तिने फायटेज घडवलं, आणि घडवलं ते स्वतःच्याच आम्लात चालेल असं.

आता आकडे पाहा. नायजरचं फायटेज दोन ठिकाणी सर्वांत जोमाने काम करतं: एकदा पीएच ५ ते ५.५ च्या दरम्यान आणि पुन्हा २.५ च्या आसपास. कोंबडीने दाणा गिळला की तो आधी गळ्याशी असलेल्या पिशवीत थांबतो. तिथे पीएच पाचच्या जवळपास. मग तो जठरात आणि तिथून आपण ‘पोटा-कलेजी’तला जो पोटा म्हणतो त्या दळणाऱ्या अवयवात जातो. तिथे जठररस मिसळून पीएच दोन ते चारच्या घरात. बुरशीने कोंबडी कधी पाहिली नाही. तरी तिच्या एन्झाइमच्या दोन्ही आवडत्या जागा कोंबडीच्या पोटात एकामागोमाग एक मांडून ठेवल्यासारख्या आहेत!

आत नेमकं काय होतं? १९९७ मध्ये बासेलमधल्या हॉफमन-ला रोश कंपनीतल्या संशोधकांनी या एन्झाइमचा स्फटिक बनवून त्याचा आकार अणूंच्या पातळीवर वाचला. प्रथिनाच्या घडीत एक खोबण आहे, तिला धनभाराचं अस्तर आहे. फायटिक आम्लाचे ऋणभारित फॉस्फेट तिच्यात ओढले जातात. खोबणीच्या तळाशी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे. ते एका फॉस्फेटला स्वतःवर घेतं आणि कड्यापासून तोडतं. शेजारचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल एक प्रोटॉन देऊन कडं मोकळं करतं. मग पाण्याचा एक रेणू येतो आणि हिस्टिडीनवरचा फॉस्फेट सोडवून नेतो. हिस्टिडीन पुन्हा रिकामं, पुढच्यासाठी तयार. एन्झाइम काहीच गमावत नाही.

आणि वेग? फायटेजची ताकद ज्या एककात मोजतात त्याची व्याख्या अशी: ३७ अंश तापमानाला, पीएच ५.५ ला, मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम म्हणजे एक एकक. खाद्यात किलोला साधारण ५०० एककं घालतात. फॉस्फरसचा अणुभार ३१ धरून हिशेब मांडा: मिनिटाला साडेपंधरा मिलिग्रॅम, तासाभरात जवळजवळ एक ग्रॅम फॉस्फरस मोकळा. पोटातली परिस्थिती प्रयोगशाळेइतकी सोयीची नसते, पण प्रत्यक्षातही हिशेब या एका ग्रॅमच्या आसपासच धरतात. हे काम करणारं शुद्ध एन्झाइम किती? किलोभर खाद्यात जेमतेम ५ मिलिग्रॅम. ग्रॅमला ५,००० एककं असलेली पूड घेतली तर एक टन खाद्याला १०० ग्रॅम पुरते आणि पाचेक किलो डीसीपी वाचतं.

हे शक्य झालं ते नेदरलँड्समुळे. १९८०च्या दशकात त्या चिमुकल्या देशात जवळजवळ जितकी माणसं तितकीच डुकरं होती. चारा-धान्य जहाजांतून यायचं, फॉस्फरस विष्ठेतून तिथेच राहायचा, वालुकामय जमिनी त्याने तुडुंब भरल्या. १९८७ पासून शेतात किती खत टाकायचं याची मर्यादा सरकारने फॉस्फेटच्या मापात घालायला सुरुवात केली. अचानक बुरशीच्या त्या विसरलेल्या गुणाला किंमत आली. १९९० मध्ये डच संशोधक सायमन्स आणि सहकाऱ्यांनी आपले निष्कर्ष छापले: बुरशीचं फायटेज दिल्यावर ब्रॉयलरच्या विष्ठेतला फॉस्फरस निम्म्यावर आला, डुकरांच्या विष्ठेत तो ३५ टक्क्यांनी घटला.

पण थेंबभर एन्झाइमचं काय? डेल्फ्टमधल्या गिस्ट-ब्रोकेड्स या कंपनीने त्यावर तोड काढली. बुरशी फायटेज बनवते ती फॉस्फेटची टंचाई असताना. पोट भरलेलं असेल तर त्या जनुकाला झोपवून ठेवते. स्टार्च पचवणारं एन्झाइम मात्र ती ढिगाने बनवते. संशोधकांनी फायटेजचं जनुक शोधून त्याच्या पुढे स्टार्चच्या एन्झाइमचं नियंत्रण-टोक जोडलं आणि ते बुरशीत परत घातलं. आता बुरशीला स्टार्चवर वाढवलं की ती फायटेज ओतू लागली. १९९१ मध्ये नाटुफॉस या नावाने ते बाजारात आलं, जगातलं पहिलं व्यापारी फायटेज. दहा वर्षांनी त्याला आणखी एक जोर मिळाला. मॅड काऊ रोगाच्या धास्तीने युरोपने जानेवारी २००१ पासून जनावरांच्या खाद्यातून मांस-हाडांची भुकटी हद्दपार केली. हाडांतून येणारा फॉस्फरस बंद झाला, तेव्हा दाण्यातला बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एक अडचण राहिली होती, उष्णता. खाद्याच्या गोळ्या करताना वाफ सोडतात, तापमान ७०-९० अंशांवर जातं आणि बुरशीचं एन्झाइम त्याआधीच मान टाकतं. कुणी त्यावर लेप दिला, कुणी गोळ्या थंड झाल्यावर फवारणी केली. रोशमधल्या मार्टिन लेहमान यांच्या गटाने मात्र २००० मध्ये जे केलं ते वाचून मी अजून थक्क आहे. त्यांनी १३ बुरश्यांच्या फायटेजांच्या अमिनो आम्लांच्या माळा एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येक जागी बहुतेकांकडे जे अमिनो आम्ल आहे ते निवडलं. बहुमताने बनवलेलं प्रथिन! निसर्गात कुठल्याही बुरशीकडे ते नाही. ते बनवून पाहिलं तर त्याची घडी मोडायला ७८ अंश लागले, आणि ज्यांच्यापासून ते बनलं त्यांतल्या प्रत्येकापेक्षा ते १५ ते २२ अंश जास्त टिकाऊ निघालं. प्रत्येक बुरशीत उत्क्रांतीने कुठेकुठे छोट्या तडजोडी केल्या होत्या. बहुमत घेताच त्या गळून पडल्या.

त्याच सुमारास कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यांनी ई. कोलाय या जीवाणूचं फायटेज जनुक डुकरात घातलं. डुक्कर आपल्या लाळेतच एन्झाइम बनवू लागलं आणि विष्ठेतला फॉस्फरस काही प्राण्यांत ७५ टक्क्यांपर्यंत घटला. २०१२ मध्ये तो प्रकल्प बंद पडला, ती डुकरं बाजारात आलीच नाहीत. पण जीवाणूंची फायटेजं खाद्यात आली, आम्लात ती बुरशीच्या एन्झाइमपेक्षाही चिवट निघाली, आणि आज दोन्ही घराण्यांतली उत्पादनं बाजारात आहेत. महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीतही मका-सोयाच्या खाद्यात फायटेजची चिमूट नेहमीची झाली आहे.

या गोष्टीचा सर्वांत ताजा भाग मात्र फॉस्फरसच्या पलीकडचा आहे. हल्ली अनेक ठिकाणी ५०० ऐवजी १,५०० किंवा त्याहून जास्त एककं घालतात. फॉस्फरसची गरज तर आधीच भागलेली, मग जास्त कशाला? कारण फायटिक आम्ल नुसतं फॉस्फरस दडवून बसत नाही. ते पोटात प्रथिनांना धरतं, जस्त-कॅल्शियमला धरतं, पचनात आडवं येतं. ते जितकं लवकर आणि जितकं पूर्ण मोडेल तितकं पिल्लू चांगलं वाढतं. बुरशीचं फायटेज कड्याच्या तिसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक फॉस्फेट काढत जातं, पण दुसऱ्या कोपऱ्यावरचा शेवटचा फॉस्फेट त्याला सहसा सुटत नाही; तो कड्याशी वेगळ्याच कोनात जोडलेला असतो. तो आतड्याच्या अस्तरातलं कोंबडीचं स्वतःचं एन्झाइम काढतं. तेव्हा मागे उरतं नुसतं इनॉसिटॉल. भरपूर फायटेज दिलेल्या पिल्लांच्या रक्तात या इनॉसिटॉलचं प्रमाण वाढलेलं दिसतं, आणि ते पिल्लाच्या पेशी वापरून टाकतात.